दहाचा रकाना

पुराचं पाणी पट्टीच्या एका रेघेवर कधीच थांबत नाही. लाट आली की ते तीन-चार इंच वर चढतं, लाट गेली की तेवढंच खाली उतरतं. नांदखळ्याच्या पुलाच्या तिसऱ्या खांबावर फूट-इंचांची पट्टी रंगवलेली होती, आणि तिच्यासमोर उभं राहून आकारामतात्या मगदूम दहा लाटा मोजायचे. पाणी सगळ्यांत वर कुठं गेलं आणि सगळ्यांत खाली कुठं आलं, ते मनात धरायचे आणि त्यांच्या मधला आकडा घ्यायचे. तो एकदा स्वतःशी मोठ्यानं म्हणायचे आणि मगच पेन्सिलीनं वहीत लिहायचे. पेन्सिल एवढ्यासाठी की पावसात शाई फुटते. खोडरबर त्यांच्याकडे नसायचं. "पाण्यानं एकदा दाखवलेलं असतंय म्याडम, मग आपण काय खोडायचं?" असं त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं.

मी पदार्थविज्ञानात एम. एस्सी. केलं होतं. मोजमापाबद्दल मला सहा वर्षं जे शिकवलं गेलं, ते या चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला कोणी न शिकवता येत होतं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. मी तेव्हा हिरडी नदीकाठच्या उपसा संस्थांच्या संघात नोकरीला होते. नदीचं पाणी उचलून माळावरच्या उसाला देणाऱ्या एकोणीस संस्था, आणि त्यांचा हा संघ. ऑफिस तालुक्याच्या गावी, दोन खोल्यांचं. एका खोलीत सेक्रेटरी शिरगुप्पे साहेब, दुसऱ्या खोलीत मी आणि ऑफिसचा एकुलता एक संगणक. नदीची पातळी लोकांना घरबसल्या दिसावी म्हणून मी इंटरनेटवर एक पान तयार केलं होतं. तात्यांच्या फोनवर एक छोटा फॉर्म होता. त्यांनी त्यात आकडा भरून बटण दाबलं की तो भाड्याच्या सर्व्हरवर जाऊन बसायचा आणि पानावर दिसायचा.

काठावरच्या माणसाला या आकड्याची किंमत वेगळी होती. पाणी चढेल तशी नदीतली मोटार सोडवून वर ओढत न्यावी लागते. पण पाणी तीस फुटांवर गेलं की मोटार विसरायची आणि काठावर उतरायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, तरी नदीकाठी जन्मलेल्या प्रत्येकाला तो पाठ होता. त्यामुळे पाऊस लागला की गावोगावची तरुण मुलं खिशातून फोन काढून आमचं पान बघायची.

जूनमध्ये शिरगुप्पे साहेब माझ्या टेबलाशी आले.

"आवटी मॅडम, सभेत दरवर्षी एक जण तरी उठतोय. म्हणतोय, ह्या पानाचा उपयोग काय? कोण बघतंय ते? तर किती जणांनी बघितलं, तो आकडा खाली येईल असं करा की."

"येईल," मी म्हणाले.

एका दुपारचं काम होतं. आमच्याकडे रोजची एक ओळ असायची, तात्यांच्या वहीत असायची तशीच. आठचा रकाना, दहाचा, अकराचा, असे संध्याकाळपर्यंतचे रकाने. मी त्या ओळीच्या शेवटी आणखी एक रकाना वाढवला. कोणी पान उघडलं की प्रोग्रॅम त्या दिवसाची ओळ वाचणार, पातळीचा आलेख काढणार, शेवटच्या रकान्यात एक मिळवणार आणि ओळ परत लिहून ठेवणार. मी तीन वेळा पान उघडून बघितलं. एक, दोन, तीन. खाली हिरव्या रंगात आकडा वाढत होता. मी चहा प्यायला गेले.

पुढच्या आठवड्यात तात्या नवी वही न्यायला ऑफिसात आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघू लागले.

"ते खालचं हिरवं काय म्हणायचं?"

"आज किती जणांनी पान उघडलं, तो आकडा."

"म्हणजे माझं पाणी बघितलं?"

"तुमचंच."

"दोनशे अकरा माणसं?" ते हसले. "अहो, एवढ्यांनी बघितल्यावर नदीला दृष्ट लागंल की!"

"बघून काय होतंय, तात्या? आकडा आहे तो. कितीही जणांनी बघितला तरी तेवढाच राहतो."

"ते बी खरंच म्हणा." त्यांनी वही पिशवीत घातली. "मग आता फोन बी करत जाऊ का नको? आकडा टाकला की तुम्हाला फोन करतो मी. तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतंय. पोचलं म्हणायचं."

"फोन नको आता. बटण दाबल्यावर 'नोंद झाली' असं येतं ना? ते आलं की पोचलं."

"'नोंद झाली' आलं की पोचलं," त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं आणि ते गेले.

जुलैच्या शेवटच्या बुधवारी सकाळी आठला पाणी सत्तावीस फूट चार इंच होतं. वर घाटात मुसळधार चालू होती. मी नऊला ऑफिसात आले, तेव्हा खालचा हिरवा आकडा सहाशेच्या वर गेला होता. साहेबांनी दारातूनच विचारलं, "किती?" मी सांगितलं. ते खूश झाले. खरं सांगायचं तर मीही झाले होते.

दहा वाजायच्या थोडं आधीपासून मी पान उघडून बघायला लागले. दहाचा आकडा यायला हवा होता. सव्वादहा झाले, साडेदहा झाले, दहाचा रकाना रिकामाच. मी तात्यांना फोन लावला. लागला नाही. परत पान उघडलं. आठचे सत्तावीस फूट चार इंच तसेच होते आणि खालचा आकडा हजाराच्या पुढे गेला होता. पान उघडायलाही आता वेळ लागत होता. मी पुन्हा उघडलं. असं किती वेळा केलं, ते मी तेव्हा मोजलं नाही.

अकरा वीसला त्यांचा फोन लागला. मागे पाण्याचा आवाज होता.

"तात्या, दहाचा आकडा कुठाय?"

"टाकला की! अकराचा बी टाकला. दहाला एकतीस फूट दोन, अकराला चौतीस. लई जोरात चढतंय म्याडम!"

"इथं काहीच दिसत नाही."

"आँ? 'नोंद झाली' आलं की!"

मी फोन ठेवला आणि एकेका संस्थेला फोन लावायला घेतले. नांदखळ्याचा नंबर चौथा होता. तिथल्या माणसानं माझं ऐकूनच घेतलं नाही. "संपत खोत गेला हो," तो म्हणाला. "मोटार काढायला उतरला हुता. अर्धा तास झाला."

संपत सव्वीस वर्षांचा होता. साडेदहाच्या सुमाराला त्यानं फोनवर आमचं पान बघितलं, सत्तावीस फूट चार इंच, आणि कमरेला दोर बांधून तो काठ उतरला. दोराचं दुसरं टोक त्याच्या मोठ्या भावाच्या, दिनकरच्या हातात होतं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी तात्यांना बोलावलं. मलाही उभं केलं. टेबलावर त्या बुधवारच्या ओळीचा छापील कागद होता. आठचा आकडा, मग दहा, अकरा, बारा रिकामे, आणि नंतर एकचा आकडा.

"हे बघा आकाराम, तीन रकाने मोकळे. काय करत हुता?"

"पुलावरच हुतो, साहेब. तिन्ही वेळंला टाकलंय. ही बघा वही."

"वही काय, घरी बसून बी लिहिता येती. मशीन खोटं बोलत न्हाई." साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा. ह्यांनी बटण दाबलं असतं तर आकडा तिथं राहिला असता का न्हाई?"

अकरा वीसच्या फोनमागे मी पाण्याचा आवाज ऐकला होता, पण साहेबांनी विचारलं होतं ते बटणाचं. मला त्या वेळी जे माहीत होतं, त्याप्रमाणे उत्तर एकच होतं.

"नोंद झाली असती तर दिसली असती," मी म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. आपल्याला न समजणारी गोष्ट जाणत्या माणसानं सांगावी आणि आपण ती ऐकून घ्यावी, तसं त्यांनी ते ऐकून घेतलं. जाताना माझ्या टेबलाशी थांबून हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, एकदा आत बघा की. कुठं अडकून बसलंय का."

"बघते," मी म्हणाले.

आणि पाचव्या दिवशी मी बघितलं. सर्व्हर स्वतःची एक वेगळी नोंद ठेवतो. कुठल्या वेळी, कुठून, काय मागितलं गेलं, याची. आमच्या रकान्यांशी तिचा संबंध नसतो. ती यादी लांबलचक होती. दहा वाजून दोन मिनिटांच्या जवळ मी थांबले. तिथं तात्यांच्या फोनवरून आलेली एक ओळ होती. एकतीस फूट दोन इंच. अकरा वाजून एक मिनिटाला दुसरी. चौतीस फूट. बाराला तिसरी. तिन्ही पोचले होते. तिन्ही लिहिले गेले होते.

मग ते गेले कुठं, हे समजायला मला वीस मिनिटं लागली. एवढा वेळ लागायला नको होता. माझा प्रोग्रॅम पान उघडणाऱ्याला मोजायचा, तेव्हा तो फक्त मोजणीचा रकाना लिहीत नव्हता. आधी वाचलेली अख्खी ओळ परत लिहीत होता. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये आलेख काढण्याचे तीन-चार सेकंद जायचे. त्या सेकंदांत तात्यांचा आकडा आला, तर मागून प्रोग्रॅम आपली जुनी ओळ त्यावर ठेवून द्यायचा. त्या जुन्या ओळीत दहाचा रकाना रिकामा होता. दिवसाला दोनशे माणसं बघत होती तोवर अशी गाठ कधी पडली नाही. त्या बुधवारी मात्र पान सतत कुणी ना कुणी उघडत होतं. लोक जितके जास्त बघत होते, तितका नवा आकडा टिकणं अशक्य होत होतं. एकपर्यंत गर्दी ओसरली, म्हणून एकचा टिकला.

मी खात्री करून घेतली. पान उघडायला लावलं, ते उघडत असताना घरून आणलेल्या फोनवरून एक खोटा आकडा टाकला. फोनवर आलं, 'नोंद झाली'. पडद्यावर रकाना रिकामा.

मग मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. बदल एका ओळीचा होता. फक्त मोजणीचा रकाना एकानं वाढवायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. पहिल्या दुपारीही तेवढ्याच वेळात मी हे लिहू शकले असते. सर्व्हरच्या यादीतल्या काही ओळी मी एका कागदावर उतरवून घेतल्या, कागदाची चौघडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

आणि गप्प बसले.

एम. एस्सी.ला आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. जर्नलमधला चुकीचा आकडा पुसायचा नाही, पान फाडायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, वाचता येईल अशी, आणि बाजूला आपली सही करायची. मी अशा शेकडो सह्या केल्या होत्या. पण त्या आकड्यांपुढे कुणाच्या कमरेला दोर नव्हता. रोज सकाळी मी ठरवायचे, आज साहेबांना सांगायचं. साहेब यायचे, मी उठून उभी राहायचे आणि त्यांना पावसाळ्याचा तक्ता द्यायचे. एकदा सविस्तर पत्र लिहिलं. त्यात दोष प्रोग्रॅमचा होता, सर्व्हरचा होता, गर्दीचा होता. माझं नाव कुठं येत नव्हतं. ते मी फाडलं.

चार दिवसांनी तात्या पुन्हा आले. त्यांना कामावरून थांबवलं होतं, तरी ते रोज पुलावर जात होते, हे मला दुसऱ्यांकडून कळलं होतं.

"बघितलं का म्याडम?"

"बघतेय अजून," मी म्हणाले.

"बघा सावकाश." ते क्षणभर घुटमळले. "न्हाई, मला आता असं वाटाय लागलंय की दहाचं मी दाबलं का न्हाई. अकराचं आठवतंय. दहाचं कधी आठवतंय, कधी न्हाई. पाऊस हुता, हात गारठलं हुतं..." त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "अठ्ठावीस वर्षांत असं कधी झालं न्हाई."

तेव्हा बोलायला हवं होतं. समोर तेच होते, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं.

त्या बुधवारनंतरच्या चौदाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, दिनकर खोत ऑफिसात आला. दाढी वाढलेली, उजव्या तळहाताला पट्टी. दोरानं तो हात सोलून निघाला होता. तो माझ्या खोलीत भिंतीजवळच्या बाकावर बसला. साहेबांनी तात्यांनाही बोलावलं होतं आणि एक कागद टाइप करून घेतला होता. तो मीच टाइप केला होता. 'दि. २७ रोजी दहा, अकरा व बारा वाजताच्या नोंदी पाठवण्याचे माझ्याकडून राहून गेले. वय झाल्याने माझ्या लक्षात राहत नाही. मी स्वखुशीने काम सोडत आहे.'

"सही करा आणि मोकळं व्हा," साहेब म्हणाले. "पोलिसांत जायचं न्हाई असं दिनकरनं मला सांगितलंय. मोठ्या मनाचा माणूस हाय."

"मन बिन काय न्हाई," दिनकर बाकावरून म्हणाला. "मला ह्यांच्या तोंडून ऐकायचंय. काका, तुम्ही आमच्या वडलांबरोबरचं. संपतला तुम्हीच पोहायला शिकवलं. एकदा म्हणा, राहून गेलं माझ्याकडनं. मग मी घरला जाऊन आईला तेवढं तरी सांगतो. ती सारखी इचारती, आकडा का आला न्हाई? का आला न्हाई? काय सांगू तिला?"

तात्यांनी पिशवीतून वही काढली, बुधवारचं पान उघडलं आणि टेबलावर सरळ करून ठेवली. त्यांच्या गोल, दाबून लिहिलेल्या अक्षरांत ती ओळ होती. आठ, दहा, अकरा, बारा, एक. एकही रकाना रिकामा नव्हता.

"मशीन म्हणतंय, म्याडम म्हणत्यात, तर मी नसंल पाठवलं," ते म्हणाले. "म्हातारपण. कुणाला कळतंय कधी येतंय ते. दिनकर, लेकरा, राहून गेलं बघ माझ्याकडनं."

दिनकरनं तोंड फिरवलं. साहेबांनी पेन पुढं सरकवलं.

"थांबा साहेब, सही करतो," तात्या म्हणाले. "पर आधी ही वही नीट करू द्या. ह्यात तीन आकडे हायत. पाठवलेच न्हाईत, तर बघितले तरी हुते का न्हाई, कुणाला ठावं? वहीत खोटं नको." ते माझ्याकडे वळले. "म्याडम, तुमच्याकडं खोडरबर असंल न्हवं?"

माझ्या खणात होतं. मी खण उघडला. पांढरं, कोपऱ्यांनी झिजलेलं, बोटाच्या पेराएवढं. मी ते हातात घेतलं. ते द्यायला मला तीन पावलं चालावं लागणार होतं. तात्यांनी तळहात पुढं केला होता आणि त्या तळहाताच्या मागे वहीतल्या ओळीवर त्यांच्या दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवलेला होता, दहाच्या आकड्याच्या शेजारी, चुकून दुसरा कुठला खोडला जाऊ नये म्हणून.

मी खोडरबर परत खणात ठेवलं. पर्समधली चौघडी काढली, उलगडली आणि त्यांच्या वहीशेजारी ठेवली.

"खोडू नका, तात्या," मी म्हणाले.

"मॅडम?" साहेब म्हणाले.

मी साहेबांकडे बघितलं नाही. दिनकरकडे बघून बोलले, कारण आईला सांगायचं त्याला होतं.

"दहाचा आकडा यांनी पाठवला होता. दहा वाजून दोन मिनिटांनी. एकतीस फूट दोन इंच. तो आला होता. अकराचाही आला, बाराचाही आला. सर्व्हरनं वेळ लिहून ठेवलीय, ती या कागदावर आहे."

"मग दिसला का न्हाई?" दिनकर उठून उभा राहिला होता.

"पान उघडणारी माणसं मोजायला मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो चुकीचा लिहिला होता. कोणी पान उघडत असताना नवा आकडा आला, तर तो पुसला जायचा." माझा आवाज मला अनोळखी वाटत होता, पण शब्द नीट येत होते. मी कागदावरच्या सर्वांत वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "दहाचा आकडा यायच्या आधी दोन सेकंद एकानं पान उघडलं होतं. ते या ऑफिसातून उघडलं होतं. इथं संगणक एकच आहे. तात्यांचा आकडा आला का, हे बघायला मीच ते उघडलं होतं, आणि तो मीच पुसला."